पागेतले प्रश्न : हॅनोव्हेरियन घोडा कृष्णाकाठी

मागच्या अंकात खेळाच्या घोड्यांवर छोटे टिपण आले आणि सातारा-सांगलीकडून पत्रांचा ओघ सुरू झाला. बहुतेकांचा रोख जर्मनीच्या हॅनोव्हेरियनवर आहे, म्हणून या वेळी तोच एक घोडा घेतला आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

मिरजेहून : आम्ही चौघे मिळून रायडिंग क्लब काढतो आहोत. आमच्यातला एक जण हॅनोव्हेरियनच घ्यायचा म्हणून अडून बसलाय. ही जात आली कुठून, आणि मारवाडी किंवा रेसच्या घोड्यापेक्षा तिच्यात वेगळे काय? वॉर्मब्लड म्हणजे रक्त गरम असते का?

रक्त सगळ्यांचे सारखेच. कुठल्याही निरोगी घोड्याच्या अंगाचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. एका टोकाला अरबी आणि रेसच्या थरोब्रेडसारखे चपळ, पटकन पेटणारे घोडे. दुसऱ्या टोकाला युरोपातले नांगर-गाडे ओढणारे जड, थंड डोक्याचे घोडे. या दोन्ही रक्तांच्या मिश्रणातून कामासाठी घडवलेले मधले घोडे म्हणजे वॉर्मब्लड. हॅनोव्हेरियन, होल्स्टायनर, ओल्डेनबर्ग, ट्राकेनर, डच वॉर्मब्लड, फ्रान्सचा सेल फ्रान्से ही सगळी त्याच घराण्यातली भावंडे.

हॅनोव्हेरियनची सुरुवात १७३५ सालची. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हा हॅनोव्हरचाही शासक होता. त्याने उत्तर जर्मनीतल्या सेले गावी सरकारी अश्वपैदास केंद्र उघडले. उद्देश साधा होता : गावोगावच्या शेतकऱ्याच्या घोडीला थोडक्या पैशांत चांगला वळू मिळावा आणि शेत, गाडी, फौज या तिन्ही कामांना चालेल असे शिंगरू निपजावे. आधी होल्स्टाइनकडचे वळू आणले, पुढे इंग्लिश थरोब्रेडचे रक्त घातले. ते इतके घातले की एकोणिसाव्या शतकात घोडा शेतीच्या कामाला हलका पडू लागला, मग हात आखडता घेतला. पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा वजनदार घोड्याला मागणी. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आला आणि घोड्याचे शेतातले काम संपले. तेव्हा ट्राकेनर, थरोब्रेड आणि थोडे अरबी रक्त घालून तोच घोडा खेळाकडे वळवला.

मारवाडीत आपण जात जपतो : कानांचा आकार, मानेचा डौल, रंग. हॅनोव्हेरियनमध्ये काम जपले जाते. त्यांची वंशनोंदवही बंद नाही. थरोब्रेड, ट्राकेनर, ओल्डेनबर्ग यांचा वळूसुद्धा त्यांच्या परीक्षेत पास झाला तर घेतला जातो. वळू साधारण अडीच वर्षांचा झाला की त्याची निवड होते, आणि नंतर स्वाराखालची परीक्षा. साधी चाल, दुडकी, कँटर (मंद दौड), मोकळे सोडून उडी आणि स्वाराचे ऐकण्याची तयारी या प्रत्येकाला दहापैकी गुण. घोडींनाही हीच परीक्षा असते. दिसायला राजबिंडा पण दुडकीत मागचा पाय पोटाखाली न घेणारा वळू तिथे मागे पडतो. आपल्याकडच्या बाजारात तोच सगळ्यांत महाग जाईल.

बांधा म्हणाल तर उंची ६४ ते ६८ इंच, वजन ५५० ते ६५० किलो. खांदा लांब आणि तिरपा, पुठ्ठे भरलेले, मान मध्यम लांब. दुडकीत तिरपे पाय जोडीने पडतात (पुढचा डावा आणि मागचा उजवा) आणि दोन टापांच्या मधे घोडा क्षणभर हवेत तरंगतो. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून नेमक्या चाली करून घेण्याच्या स्पर्धेत, गुण याच तरंगण्याला मिळतात. आपल्याकडे ज्याचे कौतुक होते ती रहवाल नेमकी उलट : एका बाजूचे पाय जवळजवळ बरोबर पडतात, स्वाराला पेला सांडणार नाही इतके मऊ वाटते, पण ड्रेसाजच्या पंचापुढे तो दोष ठरतो. रहवालीत मुरलेल्या घोड्याकडून शुद्ध दुडकी काढणे महाकठीण, हे क्लब काढणाऱ्यांनी आधीच ओळखावे.

स्वभावाने हा घोडा थरोब्रेडपेक्षा शांत. पण 'शांत' याचा अर्थ 'नवशिक्यासाठी' असा घेऊ नका. ६०० किलोंचा, लांब ढांगांचा घोडा कच्च्या बैठकीच्या स्वाराला दुडकीतच खोगिरावरून उडवतो, आणि चुकीचे इशारे मिळत राहिले की लगामावर जड होत जातो. शिवाय तो उशिरा पिकतो. तिसऱ्या वर्षी पाठीवर स्वार, चौथ्या-पाचव्या वर्षी लहान उड्या, आणि खरा बहर नवव्या वर्षापासून पुढे. पाठीच्या मणक्यांतली वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, त्यामुळे अंगाने मोठा दिसणारा तीन वर्षांचा घोडा रोज तासभर शिकाऊ मुलांखाली घातला तर सातव्या वर्षी पाठदुखीने निकामी होतो.

तुमच्या क्लबसाठी आमचे मत : पहिली तीन-चार वर्षे रेसमधून निवृत्त झालेले, पुढच्या पायांचे स्नायुबंध धड असलेले थरोब्रेड आणि रहवालीत न मुरलेल्या दोन शांत मारवाडी किंवा काठेवाडी घोड्या घ्या. एक मीटरच्या खालच्या उड्या आणि सुरुवातीचा ड्रेसाज या सगळ्याला ते पुरून उरतात. उडीच्या वरच्या स्पर्धांत १.६० मीटरचे अडथळे असतात. हॅनोव्हेरियनचे पैसे वसूल होतात ते त्या दिशेला जाणाऱ्या स्वाराकडे.

कराडहून : मुलगी चौदा वर्षांची आहे, आशियाई स्पर्धेचे स्वप्न बघते. भारतीय खेळाडूंकडे हेच घोडे असतात का?

याच घराण्यातले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण घेतले. घोडेस्वारीतले ते ४१ वर्षांनंतरचे सुवर्ण. अनुषला वैयक्तिक कांस्यही मिळाले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला तो सर कॅरामेलो ओल्ड हा ओल्डेनबर्ग घोडा घेऊन उतरला. टोकियो ऑलिंपिकला फवाद मिर्झा इव्हेंटिंगमध्ये (ड्रेसाज, मैदानी दौड आणि उडी मिळून होणारी स्पर्धा) २३ वा आला. हॅनोव्हेरियनचे नाव घ्यायचे तर जर्मनीची ड्रेसाज स्वार इसाबेल वेर्थ हिचा जिगोलो : १९९२, १९९६ आणि २००० या तीन ऑलिंपिकमध्ये मिळून चार सुवर्ण आणि दोन रौप्य.

मात्र हे भारतीय स्वार सराव युरोपात करतात आणि त्यांचे घोडेही तिथेच असतात. भारतातून घोडा युरोपला नेणे रोगप्रतिबंधक नियमांमुळे बरीच वर्षे अतिशय अवघड राहिले आहे. तेव्हा आत्ता घोडा विकत घेऊ नका. बैठक पक्की करणारा प्रशिक्षक शोधा, आणि २० × ४० मीटरच्या चौकात वेगवेगळ्या घोड्यांवर बसू द्या. एकाच महागड्या घोड्यावर शिकलेले मूल त्या घोड्यापुरतेच शिकते.

साताऱ्याहून : 'अस्सल हॅनोव्हेरियन, जर्मन पेपर' म्हणून एक आठ वर्षांचा आख्ता (खच्ची केलेला) घोडा दाखवलाय. खरे-खोटे कसे ओळखायचे?

आधी कागद, मग अंग. घोड्याचा पासपोर्ट मागा. झेरॉक्स नको, मूळ पुस्तिका. त्यात १५ आकडी-अक्षरी आजीव क्रमांक असतो. पहिल्या तीन जागांवर देशाचा सांकेतिक आकडा, जर्मनीचा २७६. काही कागदांत त्याऐवजी इंग्रजी डी आणि ई ही अक्षरे असतात. मानेच्या डाव्या बाजूला मायक्रोचिप असते. पशुवैद्यकाला रीडर आणायला सांगा आणि यंत्रावरचा आकडा पुस्तिकेशी एकेक अंक ताडून बघा. डाव्या मागच्या मांडीवर इंग्रजी एचचा डाग असेल तर त्याखालचे दोन अंक आजीव क्रमांकाशी जुळायला हवेत. डाग नसला म्हणून घोडा खोटा नव्हे, हल्ली चिपवरच भागते. आणखी एक खूण : हॅनोव्हेरियन शिंगराचे नाव बापाच्या नावाच्या आद्याक्षराने सुरू होते. बाप डब्ल्यूचा आणि मुलगा आरचा दिसला तर प्रश्न विचारा. पुस्तिकेतले चित्र, म्हणजे कपाळावरचा टिळा, पांढरे पाय, भोवरे, समोरच्या घोड्याशी जुळवा. अंदाजे वय दातांवरून कळतेच.

आता अंग. सकाळी, कुणी घोडा बाहेर काढण्याआधी, न सांगता जा. बांधलेल्या जागी चारही पायांवर हात फिरवा. कुठे गरम, कुठे फुगीर लागतेय का पाहा. मग कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवा, नंतर लहान गोलात दोन्ही बाजूंनी. दुखऱ्या पुढच्या पायाचा घोडा तो पाय टेकताना डोके वर करतो. पशुवैद्यक एकेक सांधा मिनिटभर दुमडून धरतात आणि सोडताच घोडा दुडकीत नेतात. पहिल्या पाच-सहा पावलांत लंगडेपण उघडे पडते. वॉर्मब्लडमध्ये तीन दुखणी मुद्दाम शोधावीत : वाढीच्या वयात सांध्यात सुटलेले हाड-कूर्चेचे तुकडे, पुढच्या खुरातल्या नौकास्थीचे दुखणे, आणि पाठीच्या मणक्यांच्या कण्या एकमेकींवर घासणे. म्हणून एक्स-रे काढताना पुढचे दोन्ही खूर, घोटे, मागचे ढोपर आणि पाठ एवढे घ्याच. वेदनाशामक देऊन लंगडा घोडा दोन दिवस सरळ चालवता येतो. त्यासाठी तपासणीच्या दिवशी रक्ताचा नमुना काढून ठेवावा. 'नमुना घेणार' म्हटल्यावर विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

ग्लँडर्सचा तपासणी दाखला नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. हा रोग माणसालाही होतो, लस नाही, आणि बाधित घोडा कायद्याने नष्ट करावा लागतो. घरी आणल्यावरही तीन आठवडे नवा घोडा वेगळा बांधा, त्याची बादली आणि खराऱ्याचा ब्रशसुद्धा वेगळा.

विट्याहून : घोड्याच्या छातीवर भोवरा आहे, वडील म्हणतात खोड आहे, घेऊ नका.

भोवरा ही केसांची वाढ आहे, ओळख पटवायला उपयोगी. पायाला, पाठीला, डोळ्याला त्याने काही होत नाही. तरी एक व्यवहार सांगतो : आपल्या भागात पुढे विकताना गिऱ्हाईक भोवरा बघणारच, तेव्हा भाव करताना तो मुद्दा तुम्हीच वापरा.

इस्लामपूरहून : घरी ऊस, गजराज गवत, गाई-म्हशी सगळे आहे. वाढे (उसाचे शेंडे) फुकट मिळते. गहू-कोंडा आणि हरभऱ्याची चंदी (दाणा) चालूच आहे. मोठा घोडा एवढ्यावर निघेल ना? वाढ्यावर चुन्याची निवळी मारतो.

याच चुकीने या पट्ट्यातले घोडे जातात, म्हणून जरा सविस्तर. वाढे आणि गजराजसारख्या संकरित नेपियर गवतात ऑक्झलेट असते. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून टाकते. गाई-म्हशीच्या पोटातले जिवाणू ऑक्झलेट आधीच बऱ्यापैकी फोडतात, म्हणून निवळी मारून त्यांचे भागते. घोड्याला तसे पोट नाही. त्याचे कॅल्शियम लहान आतड्यात शोषले जाते आणि जिवाणूंचे काम त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात चालते. तोवर कॅल्शियम हातचे गेलेले असते. त्यात गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट. घोड्याला हवे ते उलट : कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते. आधी आज या पायाने, उद्या त्या पायाने अशी फिरती लंगड. लोक नालबंदाला दोष देतात. पुढे घास चावायला त्रास, दात हलणे, आणि शेवटी नाकाच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांखाली हाड फुगणे. चेहरा फुगल्यावर आधीचा आकार पुरता परत येत नाही.

६०० किलोंच्या, रोज तासभर मध्यम काम करणाऱ्या घोड्यासाठी असा हिशोब धरा. वाळलेले ओटचे किंवा डोंगरी गवत ९ किलो. वाळलेला लसूणघास २ किलो, हिरवा असेल तर ८ किलो. कुटलेला ओट ३ किलो, तीन वेळांत. भिजवलेला हरभरा अर्धा किलो. कोंडा फार तर पाव किलो. मीठ ५० ग्रॅम आणि पशुखाद्य प्रतीची चुनखडी पूड ४० ते ५० ग्रॅम. पाणी ३० ते ५० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. काम नसेल त्या दिवशी चंदी निम्मी, चारा तेवढाच. एका वेळी चंदी दोन-अडीच किलोंच्या वर गेली की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो, मग पोटशूळ किंवा खुरांची दाहक सूज. नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत आणा.

तुमच्याकडे पाणी आहे तर अर्धा एकर ओट पेरा. केंट जात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरून निम्मा फुलोरा आला की कापा आणि सावलीत वाळवा. बांधावर आरएल-८८ लसूणघास. कडबा चालतो, पण पोषण कमी. ज्वारीचे कोवळे पोंगे मात्र घोड्याच्या दातांना लागता कामा नयेत. सायनाइडने होणारी विषबाधा गाईगुरांत तुम्हाला ठाऊक आहे, घोड्यात त्याशिवाय हिरवी ज्वारी चरून मूत्राशय लुळे पडून मागचे पाय डुलू लागतात.

आणि एक तंबी : म्हशींच्या गोळी-पेंडीचे पोते घोड्याच्या चंदीत उलटू नका. काही दुभत्या जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन असते. गाईला त्याने फायदा होतो, घोड्याचे हृदयाचे स्नायू मरतात. उपाय नाही. दोन्हीची घमेली, दोन्हीची मापेही वेगळी ठेवा.

पोट दुखू लागले (पुढचा पाय खरवडणे, कुशीकडे वळून बघणे, लोळणे) तर चारा काढून घ्या, छातीचे ठोके मोजा. विसाव्यात २८ ते ४४ असायला हवेत. ६० च्या वर म्हणजे डॉक्टर ताबडतोब. बाटलीने किंवा नळकांड्याने तेल पाजू नका, ते फुप्फुसात जाते. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे फुगलेले जठर नळी घालूनच मोकळे करावे लागते, आणि ते डॉक्टरचेच काम.

सांगलीहून : थंड देशातला घोडा आपल्या उन्हात आणि पावसाच्या चिखलात टिकेल?

टिकतो, राबवणाऱ्याने वेळ पाळली तर. एवढ्या स्नायूंच्या अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. मार्च ते जून आणि दमट ऑक्टोबरात काम सकाळी सातच्या आत संपवा. कामानंतर श्वास खाली येईना तर सावलीत उभा करून सगळ्या अंगावर गार पाणी सतत ओतत राहा. गार पाण्याने घोडा धरतो ही समजूत टाकून द्या. बाहेरून आणलेल्या घोड्यांपैकी काहींचा घाम पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच आटतो. काम करूनही काख कोरडी, कातडी भुरकट आणि धाप लागलेली दिसली की काम बंद आणि डॉक्टर.

तबेला १४ × १४ फुटांचा, दार चार फूट रुंद, पत्रा किमान १२ फुटांवर, दोन्ही बाजूंनी वारा. अंथरायला पाचट नको, तो खात बसतो. पावसाळ्यात काळ्या मातीवर सोडलेल्या घोड्याच्या खुराची बेडकी सडते, काळा घाण वासाचा चिकटा निघतो. रोज खूर कोरून कोरडे करा, नाल पाच-सहा आठवड्यांनी बदला. सरावाच्या चौकाला खाली दाबलेला मुरूम, एका अंगाला उतार, आणि वर पाच-सहा सेंटीमीटर वाळू पुरे. जास्त खोल वाळूत स्नायुबंध ताणतात. पावसाळा सरताना घोडमाश्या वाढतात आणि सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरवतात. चढ-उताराचा ताप आणि पोटाखाली सूज दिसली तर रक्ताची काचपट्टी तपासून घ्या.

फलटणहून : आमच्या ५८ इंची मारवाडी घोडीला हॅनोव्हेरियन वळू लावला तर?

शिंगराचा जन्मावेळचा आकार मुख्यतः घोडीच्या गर्भाशयावर ठरतो, म्हणून अडण्याची भीती वाटते तितकी नाही. अकरा महिन्यांनी शिंगरू होईल, पण ते हॅनोव्हेरियन म्हणून नोंदले जाणार नाही. आणि त्यात दुडकी बापाची येईल की रहवाल आईची, हे सांगता येत नाही. त्यापेक्षा चांगल्या हाडाची थरोब्रेड घोडी घ्या. मात्र तेव्हा दोन्हीकडच्या केसांच्या मुळांवरून कातडीच्या आनुवंशिक दोषाची चाचणी करून घ्या. वॉर्मब्लडमध्ये हा दोष आढळतो. आई-बाप दोघेही वाहक निघाले तर चारात एक शिंगरू फाटणाऱ्या कातडीचे आणि लुळ्या सांध्यांचे जन्मते, जगत नाही. भीमथडी घोडी घरात असेल तर तिच्यावर हा प्रयोग करूच नका. त्या जातीला राष्ट्रीय नोंदणी आत्ता कुठे मिळाली आहे, तिला भीमथडीचाच वळू शोधा.

जतहून : टांगा शर्यतीला पळेल का?

नाही. डांबरावर लांब पल्ल्याची दुडकी या वजनाच्या घोड्याचे पुढचे खूर एका हंगामात संपवते, आणि हलका देशी घोडा त्याला पहिल्या दोन किलोमीटरमध्येच मागे टाकेल.